पायजम्याची नाडी

दिवाळीत अण्णांनी चकली घेतली नाही. आई म्हणाली, "कवळी सैल झालीय." देवदिवाळीपर्यंत भाकरी सुटली आणि पोळी दुधात कुस्करायला लागले. डिसेंबरात पोळीही ताटात नावालाच उरली, मऊ भात आला. सगळं इतकं हळूहळू झालं की आम्हाला ते वयाला शोभेलसंच वाटलं. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे. या वयात माणूस हलकं खातो, वाळतो, झोप कमी होते. ही वाक्यं आम्ही एकमेकांना इतक्यांदा ऐकवली की त्यांचं पथ्यपाणीच झालं.

मीही बडोद्यातच राहते, कारेलीबागेत. दांडियाबाजारातल्या माहेरच्या घरी आठवड्यातून दोनदा जाते. आणि सांगायला लाज वाटते, पण माझं शिक्षणच पोषणशास्त्रातलं आहे. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना सयाजीराव विद्यापीठात सुरू झालेली होमसायन्सची फॅकल्टी, आता तिचं नाव बदललंय, तिथे मी फूड्स अँड न्यूट्रिशन केलं. गिळायला आधी घट्ट जड जातं, मग मऊ, मग पातळ, तेव्हा नळीत काहीतरी अडलेलं असू शकतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं वाक्य आहे. पुढे नोकरी केली विम्याची. पण वाक्य विसरले नव्हते. ते अण्णांना लागू होतं, हेच सुचलं नाही.

अण्णा घरात पायजमा-सदरा घालतात. पँट असती तर पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं असतं आणि ते कोणाच्या तरी नजरेला आलं असतं. पायजम्याची नाडी मात्र कोणाची चहाडी करत नाही, आणखी चार बोटं ओढली की झालं.

जवळच्या डॉक्टरांनी दोन महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. वजन केलं नाही. आम्हीही करा म्हटलं नाही.

डोळे उघडले ते शेजारच्या बेनमुळे. ओट्यावर उभ्या राहून त्या मला कौतुकाने म्हणाल्या, "तमारा अण्णा तो रोज गायने रोटलो खवडावे छे. बहु पुण्यशाळी माणस." ताटातली पोळी अण्णा आईची पाठ फिरली की सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि संध्याकाळी सूरसागर तलावाकडे फिरायला जाताना गल्लीतल्या गाईला घालायचे. आई वाढायची, ताट रिकामं दिसायचं, म्हणून ती निश्चिंत. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आईला वाईट वाटतं गं, टाकलं की."

पुढच्याच आठवड्यात उत्तरायण. गच्चीवर पतंग, खाली उंधियू-जिलबी, आणि अण्णांच्या घशाखाली तिळगुळाची अर्धी वडी अडकली. पाणी घेतलं तर पाणी परत आलं, थुंकीसुद्धा उतरेना. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आख्खं बडोदं गच्चीवर असताना, आम्ही एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर बसलो होतो. वडी निघाली. तिच्या खाली, अन्ननलिकेच्या मधल्या भागात, गाठ होती. तुकडा तपासायला गेला, सीटी स्कॅन झालं, आणि आठ दिवसांनी जे कळायचं ते कळलं.

सर्जन सरळ बोलले. या ताकदीवर ऑपरेशन नको, शेक म्हणजे रेडिएशन आणि त्याच्याबरोबर दर आठवड्याला हलकी किमो. शेकाचे २८ दिवस, आठवड्याचे पाच. पण किमोच्या डॉक्टरांनी तारीख लगेच दिली नाही. म्हणाले, आधी काकांची पूर्ण तपासणी करू, वयाची. रक्त-लघवीची नव्हे, वयाची. त्यासाठी मुंबईत शिकून आलेल्या एक तरुण डॉक्टर आहेत, तास-दीड तास लागेल.

मला वाटलं, अजून एक बिल. खरं तर त्या दीड तासाबद्दलच मला लिहायचं होतं, बाकीचं आपलं ओघात आलं.

सुरुवात आठ प्रश्नांच्या एका छोट्या चाळणीने झाली. तीन महिन्यांत खाणं कमी झालं का, वजन किती उतरलं, उंचीच्या मानाने वजन किती, हिंडता-फिरता का, विसरणं किंवा उदासपणा आहे का, दिवसाला तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का, वय किती. आणि शेवटी, तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने तुमची तब्येत कशी आहे? अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या वयाचे आहेत कुठे? सूरसागरच्या बाकावर पाच होतो. आता मी एकटाच." डॉक्टरीणबाईंनी हसून लिहून घेतलं, पण काय लिहिलं ते मला दिसलं नाही. एकूण गुण १७ असतात. १४ किंवा त्याखाली आले की खोलात तपासणी. अण्णांना ९ मिळाले.

जुनं वजन कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी मला आठवलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची फाइल. त्यात नऊ महिन्यांपूर्वीचा आकडा होता, ६१ किलो. आता ४९.५. साडेअकरा किलो म्हणजे जवळजवळ १९ टक्के. कर्करोगात शरीर खंगण्याची व्याख्या तज्ज्ञांनी २०११ साली एकत्र बसून ठरवली, तिच्यात सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तरी घंटा वाजते. आमच्या घरात ती घंटा किती वेळा वाजली असेल कोण जाणे.

मग हातात एक यंत्र दिलं, मूठ आवळायचं. कर्र करून काटा १७ किलोवर थांबला. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी धरलेली हद्द २८ आहे. दुसऱ्यांदा १६. अण्णा यंत्राकडे संशयाने बघत म्हणाले, "कॅलिब्रेशन केलंय का याचं?" प्रतापनगरला रेल्वेच्या हिशेब खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस.

खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगितलं. चौथ्यांदा हात टेकला. कागदावर घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. "सकाळचे की तेवीस दहा?" मी हसले, डॉक्टरीणबाई हसल्या, अण्णा हसले नाहीत. घड्याळ अगदी बरोबर काढलं, शेजारी बारीक अक्षरात २३-१० लिहून.

त्यानंतरचे प्रश्न ऐकताना माझं हसू गेलं. गेल्या सहा महिन्यांत पडलात का? "नाही." आई पटकन म्हणाली, "पडलात की, न्हाणीघरात, नवरात्रात." "पडलो नव्हतो. बसलो होतो खाली." ऐकू कसं येतं? यंत्र आहे, पण कपाटात. गोळ्या स्वतःच्या स्वतः घेता का? हो, पण सकाळच्या रात्री. एक गल्ली चालून जाता का? हल्ली मध्ये थांबावं लागतं. लोकांत जाणंयेणं? सूरसागरचं मघाशी सांगितलंच.

घरी आल्यावर मी या प्रश्नांचा माग काढला. शिकलेलं असं कधीतरी उसळी मारतं. यातले बरेचसे आरती हुरिया या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांच्या कामातून आलेत. किमो घेणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या ५०० रुग्णांना त्यांच्या गटाने असलेच साधे प्रश्न विचारले आणि कोणाला किमो झेपली, कोणाला नाही, ते नोंदत गेले. २०११ मध्ये ते छापून आलं. निम्म्याहून अधिक लोकांना गंभीर त्रास झाला होता, ५३ टक्के. पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. डॉक्टर रुग्णाकडे बघून त्याच्या एकूण ताकदीला जो आकडा देतात, त्या आकड्यावरून हा त्रास ओळखता येत नव्हता. ऐकू कमी येणं, पडणं, एक गल्ली न चालवणं, यांवरून येत होता. म्हणजे बघून कळत नाही. आम्ही तर अण्णांकडे रोज बघत होतो. हुरिया २०१८ साली रस्त्यावरच्या अपघातात गेल्या. त्यांचा फोटो पाहिला तेव्हा उगाचच ओळखीच्या वाटल्या.

त्याच वाटेवरचं पुढचं मोठं काम सुप्रिया मोहिले यांचं, अमेरिकेतल्या रोचेस्टरमधलं, २०२१ साली छापलेलं. सत्तरी गाठलेले ७१८ रुग्ण. काहींच्या डॉक्टरांच्या हाती अशा तपासणीचा अहवाल आणि काय करावं याचा सल्ला दिला, काहींच्या नाही. अहवाल मिळालेल्यांत गंभीर त्रास ५१ टक्क्यांना झाला, न मिळालेल्यांत ७१. औषधाचा डोस बऱ्याच जणांचा कमी धरला गेला होता, तरी सहा महिन्यांच्या जगण्यात फरक पडला नाही. या अभ्यासात नवं औषध एकही नाही, नुसती विचारपूस आहे. मला हे कोणी कॉलेजात सांगितलं असतं तर मी विम्याकडे वळले नसते, असं आता वाटतं. असो.

अहवालाचा निकाल असा, की शेक दोन आठवडे पुढे ढकलायचा आणि तेवढ्यात पोटात अन्न घालायचं. भाऊ पुण्याहून फोनवर ओरडला, "कॅन्सर वाट बघेल का?" प्रश्न रास्त होता. डॉक्टर त्याला म्हणाले, अर्ध्यात सोडलेला शेक हा दोन आठवडे उशिरा सुरू केलेल्या शेकापेक्षा वाईट. मग तो गप्प झाला.

आता माझी पाळी आली. चोवीस तासांत काय खाल्लं ते वाटी-चमच्याने आठवून घ्यायचं, याचा आम्हाला कॉलेजात इतका सराव करून घेतला होता की शेजारच्या बायका आम्हाला बघून दार लावायच्या. मी घरातल्या वाट्या पाण्याने मोजून घेतल्या. आईची "एक वाटी" ११० मिलिलिटरची निघाली, अण्णांची त्याहून लहान, मुंजीतली चांदीची. हैदराबादच्या पोषण संस्थेचे तक्ते फोनवर उघडून हिशेब केला. दिवसभरात जेमतेम ६०० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं. लागत होत्या साधारण दीड हजार, आणि प्रथिनं किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे साठ-पासष्टच्या पुढे. वरणाच्या पाण्यावर हे होणं शक्यच नव्हतं. "आजाऱ्याला वरणाचं पाणी" हे ज्याने काढलं त्याला एकदा तक्ता दाखवायला हवा. वाटीभर पाण्यात दाण्याएवढी डाळ.

अंड्याचा विषय मी भीत भीत काढला. आमच्या घरात अंडं नाही. आई देवघराकडे बघायला लागली. अण्णा म्हणाले, "चालेल. प्रतापनगरच्या कँटीनला मी आम्लेट खायचो." आई म्हणाली, "कधी?" "अठ्ठ्याहत्तर सालापासून." त्या दिवशी घरात कॅन्सरवर कोणी बोललं नाही.

पण तोंडावाटे जाणार किती? वाट बोटभरही राहिली नव्हती. नाकातून नळी घालायची ठरली, राइल्स ट्यूब. इंग्लंडातल्या जॉन राइल या डॉक्टरांनी १९२१ साली वापरात आणली, अजून त्यांच्याच नावाने चालते. अण्णा तयार होईनात. "वेसण नको" म्हणाले. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तहानेने स्वतःच म्हणाले, "घाला वेसण."

मला वाटत होतं, नळी बसली की भरभरून घालावं. डॉक्टरीणबाईंनी हात धरला. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय दगा देऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कितीतरी कैदी पोटभर जेवणानेच गेले. म्हणून आधी बी-१ जीवनसत्त्व, मग किलोमागे दहा कॅलरींपासून सुरुवात, रोज रक्त, रोज थोडी वाढ. पहिल्या दिवशी अण्णांना जे मिळालं ते त्यांच्या आधीच्या खाण्याहूनही कमी होतं. आईला हे काही केल्या पटेना. "नळी घातली आणि उपाशी ठेवलंत," म्हणाली.

आठवड्याने पूर्ण आहार सुरू झाला. दोन-दोन तासांनी २०० मिलि. दूध, दुधाची पावडर, मुगाच्या डाळीचं शिजवून गाळलेलं पाणी नव्हे तर वाटलेली डाळ, अर्धवट नव्हे चांगलं शिजवलेलं अंडं मिक्सरमधून काढून, थोडं तेल. डोकं उंच, नंतर पाऊण तास आडवं व्हायचं नाही, शेवटी पाण्याची पिचकारी. तिसऱ्याच दिवशी मी हुशारी केली. राजगिऱ्याचं पीठ घातलं. नळी तुंबली. कोमट पाण्याने तासभर खटपट केली, मग रिक्षा, मग नवी नळी, मग ती जागेवर बसली का ते बघायला एक्स-रे. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नळी जाताना येतंच म्हणतात. त्यानंतर सगळं दोनदा गाळलं, दुसऱ्यांदा मलमलीतून. राजगिरा डब्यात गेला तो गेला.

याच काळात सुरतच्या मामांचा फोन आला. ते रोज सकाळी काहीबाही पाठवतात. या वेळी होतं, एकादशीने कॅन्सर मरतो, जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालंय. अण्णांनी आयुष्यभर एकादशी केलेली, त्यांना ते इतकं आवडलं की पाटीवर लिहून मला दाखवलं, नळीमुळे बोलायला कंटाळायचे. शास्त्रज्ञ खरे, योशिनोरी ओसुमी, नोबेलही खरं, २०१६ सालचं. पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा कशा वापरतात, ते त्यांनी यीस्टमध्ये उलगडलं. त्यात एकादशी नाही आणि कॅन्सर झालेले रेल्वेचे निवृत्त हिशेबनीसही नाहीत. कर्करोगातल्या पोषणाविषयीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचना तर उलट सांगतात, आधीच खंगलेल्याला खाणं तोडायला लावणारा कुठलाही आहार नको. गोड बंद करा, गाठ उपाशी मरेल, हेही त्यातलंच. गाठ उपाशी मरायच्या आधी माणूस मरतो.

मी हे सगळं तावातावाने सांगितलं आणि काही उपयोग झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी एका वाक्यात मिटवलं. "काका, उपास म्हणजे शिलकीतून खर्च. तुमच्या खात्यात शिल्लक आहे का?" अण्णांनी पाटी पुसली. एकादशी आईने एकटीने केली.

त्याच बाईंनी मला एक शब्द दिला, सार्कोपेनिया. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ग्रीकवरून बनवलेला. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे वानवा. वयाने स्नायू झडतो हे खरंच, पण त्याला नाव नव्हतं तोवर सगळे "वय झालं" म्हणूनच सोडून द्यायचे, दांडियाबाजारातल्यासारखे. अण्णांच्या बाबतीत तीन गोष्टी एकावर एक होत्या: वयाची झीज, वाट बंद झाल्याची उपासमार, आणि गाठीमुळे शरीरात पेटलेला दाह. पहिलीवर व्यायाम, दुसरीवर अन्न, तिसरीवर शेक-किमो. नुसत्या अन्नाने स्नायू येत नाही, म्हणून अण्णा नळी लावलेल्या अवस्थेत पलंगाच्या कडेवरून रोज दहा वेळा उठून बसत. मोजायला आई. ती मुद्दाम चुकायची, आठावरच दहा म्हणायची. अण्णा हिशेब दुरुस्त करून उरलेले दोन करायचे.

शेकाचे सहा आठवडे लांबलचक गेले, त्यात सांगण्यासारखं थोडं. तिसऱ्या आठवड्यापासून छातीत आग, थुंकी गिळतानाही कळ. किमोच्या दोन फेऱ्या रक्त कमी म्हणून वगळल्या. एका रात्री झोपेत नळी ओढून काढली. पण २८ च्या २८ दिवस पूर्ण झाले. डॉक्टरांनी सांगितलं, नळी नसती तर झाले नसते. कानाचं यंत्र कपाटातून कानात आलं, हा त्या दीड तासाचा आणखी एक फायदा. आता ओरडून बोललं की अण्णाच ओरडतात.

मेमध्ये नळी निघाली. स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही, तीन महिन्यांनी परत बघायचंय. खाणं अजून मऊच, अंडं मात्र रोज. हिशेबाची वही अण्णांनी माझ्याकडून काढून घेतली, माझी बेरीज त्यांना पसंत नव्हती. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. परवा उजवीकडे "गाय, पाव पोळी" दिसलं. मी विचारलं तर म्हणाले, "नोंद केलीय ना?"

मुठीचं यंत्र मध्यंतरी २० दाखवतं झालं. वजन दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी. मागच्या रविवारी काट्यावर ५२.७ आलं आणि मी टाळी वाजवली. अण्णांनी हात वर करून थांबवलं. आत गेले, कपडे बदलून आले, उतरवलेला सदरा-पायजमा घडी करून आईच्या पिठाच्या काट्यावर ठेवला. रेल्वेत वॅगनचं टेअर वजा करतात, रिकाम्या डब्याचं वजन. टेअर ९०० ग्रॅम. वहीत लिहिलं, निव्वळ ५१.८.